एकाच बाजूला पळणारी होडी

निवृत्तीनंतर अक्का भजनी मंडळात जाईल, असं घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. एका दुपारी ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली आणि मोबाईल पुढे धरला. पडद्यावर एक विचित्र होडी नुसत्या वाऱ्यावर मोटारीसारखी पाणी कापत चालली होती.

"वाऱ्यापेक्षा जोरात पळतीय बघ," ती म्हणाली. "आपण एक करू की."

मी यंत्रमागाचे सुटे भाग करणारा माणूस. "अक्का, सोलापुरात समुद्र कुठाय?"

"उजनीचं पाणी आहे. समुद्रापेक्षा बरं, लाटा कमी."

मग तिने खडू घेऊन वर्कशॉपच्या फरशीवरच आकृती काढली. वारा बाजूने शिडाला ढकलतो, म्हणून होडी कलंडते. शीड वाऱ्याकडे झुकवलं आणि बसणारा त्याच बाजूला लांब दांड्यावर बसवला, की कलंडणं थांबतं आणि सगळा जोर वेगाला मिळतो. पण अशी होडी एकाच बाजूला पळणार, वारा उजव्या हाताला असेल तेव्हाच.

"आणि परत येताना?"

"परत येताना कशाला पळायचंय?"

ॲल्युमिनियमचे पाईप, फायबरचे दोन तरंगते नळे, अशी होडी उभी राहायला चार महिने लागले. शीड शिवायला ताडपत्रीवाले चाचा मिळाले. आयुष्यभर मंडप शिवलेले. "हवा पकडना है तो झोल होना ना, आपा?" ते अक्काला विचारत. अक्का त्यांना मुलांना समजवावं तसं कागदाची पट्टी वाकवून दाखवायची. तीन शिडं उसवल्यावर चौथं ताठ बसलं. पाण्याखालचं पातं मी स्वतः घासलं. होडी वाऱ्याबरोबर आडवी घसरू नये म्हणून ते असतं. आठ दिवस पॉलिश करत होतो. त्यात तोंड दिसायचं.

पहिल्या चाचणीला टेम्पोत होडी घालून चाचांसकट आम्ही तिघं उजनीच्या काठावर गेलो. ओढायला एका मासेमाराची मोटरबोट ठरवली होती. त्याने होडीला एक फेरी मारली.

"बाई, ही एकीकडंच जाती व्हय? मग माघारी मी वढून आणायची?"

"व्हय," अक्का म्हणाली आणि लाईफ जॅकेट बांधून दांड्यावर जाऊन बसली.

होडी निघाली, वेग घेतला. तेवढ्यात फर्रर्र आवाज झाला, होडी आडवी घसरली, गर्रकन फिरली आणि अक्का पाण्यात. आम्ही मोटरबोट घेऊन पोचलो तेव्हा ती शांतपणे तरंगत विचार करत होती.

तिला वर घेतलं, होडी मागे बांधली. येताना ती बोटीच्या कडेला हात पाण्यात सोडून बसली. तळवा थोडा तिरपा धरला, की त्याच्यामागे पाण्यात एक पोकळी होई आणि हवा सरळ खालपर्यंत जाई. तिने दुसरा तळवा त्यावर आडवा धरला. पोकळी तिथेच थांबली.

"पातं वरून हवा ओढून घेतंय," ती म्हणाली. "म्हणून पकड सुटली. त्याला एक आडवी पट्टी लाव."

आठ दिवस पॉलिश केलेल्या पात्याला डाग द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं. "पट्टी पाण्याला अडवेल," मी म्हणालो.

"थोडं अडवेल. पण घसरलेली होडी सगळंच अडवते."

मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी पितळेची दोन बोटं रुंद पट्टी पात्याला झाळून जोडली.

दुसऱ्या खेपेला वारा चांगला होता. होडी निघाली. मी मासेमाराच्या बोटीत होतो, त्याने हौसेने मोटर पूर्ण जोरात सोडली. थोडा वेळ आम्ही बरोबरीने होतो, मग अक्का पुढे सरकायला लागली. पात्याचा एकसारखा घूंऽ असा आवाज येत होता. "आरं, बाई गेल्या की!" मासेमार म्हणाला. चाचा काठावरून पंचा हलवत होते. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

शीड उतरवून ती थांबली तेव्हा दंडाला बांधलेला मोबाईल तिने दाखवला. ताशी एकेचाळीस किलोमीटर. जगातल्या विक्रमाच्या जवळपाससुद्धा नाही, पण एकसष्ट वर्षांच्या बाईने मोटरबोट मागे टाकली होती.

येताना मोडनिंबला चहाला थांबलो. पुढच्या वेळी मी बसणार, असं मी जाहीर केलं.

"पोहता येतं?" अक्काने विचारलं.

तेव्हापासून रोज सकाळी तलावावर पहिली-दुसरीतल्या पोरांबरोबर पोहायला शिकतोय. ती मला काका म्हणतात आणि श्वास कसा सोडायचा ते सांगतात. काल पहिल्यांदा काठ सोडून मधल्या दोरीपर्यंत गेलो.