आतून तपासलेली होडी

टाकीवाल्यानं आपल्या सख्ख्या साडूला बुडवलं. ढकललं-बिकललं नाही, माणूस तसा गरीब. त्यानं फक्त साडूसाठी बनवलेल्या नव्याकोऱ्या कयाकच्या, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या बंद होडीच्या, पाठीवर, बैठकीच्या मागे, दोन भोकं पाडली आणि गळाच्या काठ्या खोचायला पाइपचे दोन तुकडे बसवले. भोकांच्या कडेनं रेझिन इतकं सुबक फिरवलं होतं की बघणाऱ्याला बोट फिरवून बघायचा मोह व्हावा. पाइपांची खालची तोंडं मात्र उघडीच राहिली. ती होडीच्या पोकळ पोटात उघडत होती, आणि हे टाकीवाल्याच्या ध्यानात यायच्या आधीच साडू तलावाच्या मधोमध, होडीबाहेर, गळ्याएवढ्या संकटात होता.

झालं असं. त्या सकाळी वारा होता. लाटा मागून चढत होत्या आणि दर लाटेचं ओंजळभर पाणी पाइपातून पोटात जात होतं. वरून काही दिसायची सोय नव्हती. होडी जरा जड चालतेय एवढं साडूला जाणवलं, पण त्याचा दोष त्यानं आपल्या दुखऱ्या खांद्याला दिला. दोन-अडीच तासांत तीन-चार बादल्या पाणी आत साठलं. मग एक बरा मासा लागला, साडू उजवीकडे वाकला, तसं पोटातलं सगळं पाणीही उजवीकडे धावलं आणि होडीनं कूस बदलली. लाइफ जॅकेट होतं. पण बैठक कडक म्हणून साडू त्याच्यावर बसला होता. पडताना तीच उशी हाताला लागली म्हणून वाचला. ती छातीशी कवटाळून तो अर्धा तास तरंगत राहिला, तोवर पलीकडच्या काठाची मोटरबोट आली.

विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला मेहुणी, म्हणजे साडूची बायको, शांतपणे सांगायची, "आमचे भाऊजी पाणी साठवण्यात हुशार आहेत. कुठंही साठवतात."

यात खोटं काही नव्हतं. एकोणीस वर्षं टाकीवाला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत होता. निम्म्या शहराच्या गच्च्यांवर त्याच्या टाक्या होत्या आणि एकही गळत नव्हती. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, रेझिन चोपडायचं, रूळ फिरवून हवेचे फुगे काढायचे, वाळलं की पुन्हा तेच. त्याच्या हाताला रेझिनचा वास इतका मुरला होता की घरात तो आला हे बायकोला शिलाई मशीनवरून मान वर न करता कळायचं. पुढं कारखान्यातल्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या, निम्म्या किमतीत, वर रंग निवडायची सोय. टाकीवाल्याचं शेड ओस पडलं. त्याच सुमारास साडूची गिरणीतली नोकरी गेली होती आणि तो काठावरून मासे धरून दोन खाणावळींना पुरवत होता. मोठे मासे मधे असतात आणि मी कडेला असतो, ही त्याची रोजची कुरकुर. एकदा तो म्हणाला, टाकी आडवी करून लांब ओढली तर तिच्यात माणूस बसेल की नाही? टाकीवाल्यानं चार महिने घालून ओढली. पहिली होडी दिसायला दोन्ही बाजूंनी चिमटलेल्या टाकीसारखीच होती, पण तरंगली. मग कोणी वर बसायला सोयीची बैठक मागितली, कोणी डबा ठेवायला खण, आणि शेवटी सगळ्यांनीच काठ्यांसाठी नळ्या. नळ्यांवाल्या अकरा होड्या गेल्या. साडूची अकरावी.

आता प्रत्येक होडी देण्याआधी टाकीवाला तपासत नव्हता असं नाही. कसून तपासायचा. खणाच्या झाकणातून रबरी नळी आत सोडून निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरायचा, दिवसभर तसंच ठेवायचा आणि संध्याकाळी गुडघ्यावर बसून खालच्या फरशीवर हात फिरवायचा. फरशी कोरडी, की होडी पास. टाकी अशीच तपासतात. टाकीचं काम पाणी आत ठेवायचं, होडीचं बाहेर ठेवायचं, एवढाच काय तो फरक, आणि तो त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. आतलं पाणी पाठीवरच्या नळ्यांपर्यंत पोचणार कसं? त्या भोकांनी परीक्षा दिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं साडूची होडी शेडमध्ये आणून लाकडी घोड्यांवर ठेवली आणि नळीत तांब्याभर पाणी ओतलं. आत, खाली, पाणी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या नळीत ओतलं. तसाच आवाज. तो तिथंच रेझिनच्या डब्यावर बसला. बराच वेळ उठेना म्हणून बायको चहा घेऊन आली, आणि त्यानं तिला तिसरा तांब्या ओतून आवाज ऐकवला. तिला होडीतलं काही कळत नव्हतं, मोजता मात्र येत होतं.

"म्हणजे अजून दहा पाण्यात आहेत," ती म्हणाली. "चहा नंतर घ्या."

त्यानं दहाही जणांना फोन लावले. आता कोणाला वाटेल की होडी बुडू शकते म्हटल्यावर लोक धावत येतील. तसं होत नाही. एकानं विचारलं, गेल्या वर्षी नव्हती का बुडत? दुसरा म्हणाला, रविवार होऊन जाऊ दे. तिसऱ्याला वाटलं हा दुरुस्तीच्या नावाखाली नवी होडी गळ्यात मारणार, आणि त्यानं तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. मग टाकीवाल्यानं टेम्पो काढला. दारात जाऊन उभा राहायचा, हातात तांब्या. नळीत पाणी ओतायचा, आवाज ऐकवायचा आणि सांगायचा, चूक माझी आहे, होडी न्यायला आलोय. चूक कबूल करणारा कारागीर दारात उभा राहिला की माणसं गोंधळतात. भांडायची तयारी करून आलेली माणसं होडीचं दुसरं टोक धरून टेम्पोत चढवू लागली. एकाच्या होडीतून तर बूच काढल्यावर इतकं पाणी आलं की त्याची बायको अंगणातली झाडं त्यावर भिजवून मोकळी झाली, आणि नवऱ्याकडे तिनं जे पाहिलं ते टाकीवाल्यानं पाहिलं नाही असं दाखवलं.

नळ्या खालून बंद करणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. बंद केल्या, पण खरंच बंद झाल्या हे बघायचं कसं? त्याचं उत्तर रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे निघालं. तो दोन दिवस हे सगळं स्टुलावरून बघत होता. तिसऱ्या दिवशी पंप घेऊन आला, बुचाच्या भोकात चिंध्या कोंबून पंपाची नळी बसवली आणि साबणाचं पाणी मागितलं.

"तू आत पाणी भरतोस," तो म्हणाला. "हवा भर. पाण्याला तू शिकवलंयस गुपचूप बसायला. हवा चहाडी करते."

हलक्या हातानं दहा-बारा दट्टे मारले, होडीच्या पाठीवर साबण फासला, आणि नळ्यांच्या कडा सोडून भलतीकडेच फेस उठला. खणाच्या झाकणाच्या बिजागरीशी, वल्हं अडकवायच्या खुंटीच्या स्क्रूशी, बैठकीच्या एका कोपऱ्याशी. टाकीवाला खडूनं खुणा करत गेला. होडी देवीच्या साथीतून उठल्यासारखी दिसू लागली. पंक्चरवाल्याला इतकी मजा आली की त्यानं आपलं गिऱ्हाईक तासभर ताटकळत ठेवलं.

रोज संध्याकाळी टाकीवाला साडूकडे जाऊन बसायचा. माफी मागून झाली होती, आता तो माहिती मागत होता. साडू आधी विषय बदलायचा. मग हळूहळू सांगू लागला. पडणं काही वाटलं नाही म्हणाला. वाईट ते पुढचं. उलटी झालेली होडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, धरायला कुठं काही नाही. दोनदा चढायला गेलो, दोनदा घसरलो. वल्हं तेवढ्यात पन्नास हात लांब गेलं होतं. मोटरबोटवाल्याला मी दिसलोच नाही, त्याला माझी टोपी दिसली.

हे ऐकून टाकीवाला शेडमध्ये परतायचा आणि काम वाढवायचा. दोन्ही बाजूंना धरायला दोर आला. पोटात मधोमध, लांबीनं, उभी भिंत आली, म्हणजे आत पाणी शिरलंच तरी एका दमात कुशीला धावू नये, आणि टोकांना फोमचे ठोकळे आले. वल्ह्याला दोरी बांधली. मागे काठीवर नारिंगी फडकं लागलं. उलटी होडी सुलटी करायला एक पट्टा: तो पोटावरून पलीकडे टाकायचा, मागे रेलून ओढायचं.

लाइफ जॅकेटचं कोडं बायकोनं सोडवलं. घाला म्हटलं की पुरुष घालत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं जॅकेटांना पुढून सहा खिसे शिवले: गळांची डबी, दोऱ्याचं रीळ, पक्कड, कात्री, शिट्टी, तंबाखूची पुडी. होडीतला डबा ठेवायचा खण टाकीवाल्यानं तिच्या सांगण्यावरून लहान करून टाकला. आता ज्याला मासे धरायचे त्याला जॅकेट घालणं भाग. तिच्या मते तंबाखूच्या खिशानंच सर्वांत जास्त जीव वाचणार होते.

नऊ होड्या आल्या, दुरुस्त झाल्या, गेल्या. दहावी घड्याळवाल्यांची. ते काही देईनात. रोज पहाटे ते त्याच होडीतून तलावावर जात होते. टाकीवाला तीन वेळा त्यांच्या दुकानात जाऊन आला. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, त्यात चाळीस घड्याळं, चाळीस वेळा. घड्याळवाले डोळ्यावरचं भिंग न काढता बोलायचे, त्यामुळे ते आपल्याशी बोलताहेत की एखाद्या स्प्रिंगशी, हे कळायचं नाही. त्यांचं म्हणणं एकच. दहा महिने झाले, बूच काढल्यावर कपभर पाणी येत नाही. गळत असती तर मला दिसलं असतं, माझा जन्म बारीक बघण्यात गेला.

आणि ते खरं होतं. चौथ्या खेपेला टाकीवाला थेट त्यांच्या परसात गेला तेव्हा कोडं उलगडलं. काठ्या खडखडतात म्हणून घड्याळवाल्यांनी नळ्यांत जुन्या बनियनच्या चिंध्या घट्ट ठासल्या होत्या. टाकीवाल्यानं त्या उपसल्या, तांब्या ओतला, आवाज आला. घड्याळवाल्यांनी पहिल्यांदाच भिंग काढलं.

"मग चिंधी काढणारच नाही मी," ते म्हणाले.

टाकीवाल्याला बोलता येत नाही अशी त्याची ख्याती होती. पण दीड महिना त्याला झोप नव्हती, पहाटे वारा सुटला की तो उठून बसायचा आणि तलावावर कोण गेलं असेल ते मोजायचा. आता मोजायला एकच उरला होता.

"चिंधी तुमची आहे," तो म्हणाला. "भोक माझं आहे. मला माझं भोक परत द्या."

घड्याळवाल्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, एरवी आतलं चाक निसटलेल्या घड्याळाकडे पाहायचे तसं. मग चपला घातल्या आणि होडीचं पुढचं टोक उचललं. टेम्पोत चढवताना एवढंच म्हणाले की नळी आतून दोन मिलिमीटर अरुंद कर, काठी खडखडणार नाही. टाकीवाल्यानं केली, आणि तेव्हापासून सगळ्याच होड्यांना तशीच नळी बसते.

राहिली साडूची. ती सगळ्यांत आधी तयार झाली होती आणि साडूच्याच अंगणात भिंतीला उभी होती. मेहुणी तिच्यावर गोधड्या वाळत घालायची. खाणावळींनी दुसरीकडून मासे घ्यायला सुरुवात केली होती, साडू दिवसभर खाटेवर बसून होडीकडे बघायचा आणि होडीचा विषय निघाला की उठून आत जायचा. टाकीवाल्यानं धीर करून मेहुणीला विचारलं, ताई, आता काय राहिलं? तिनं गोधडीची घडी पुरी केली.

"ह्यांना मी सोडते," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही बसायचं. जिथं हे पडले तिथं, खोलात. तिथं पडून, परत चढून दाखवायचं. मी काठावर उभी राहून बघेन."

टाकीवाला हो म्हणाला. त्याला पोहता येत नाही ही गोष्ट त्यानं एकोणीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती, टाक्यांच्या धंद्यात तशी वेळच येत नाही. पट्टा आणि दोर त्यानं छातीभर पाण्यात, पाय टेकवून, दहा-दहा वेळा तपासले होते. त्यानं एक आठवडा मागून घेतला आणि बायकोला सांगून तलावाकाठच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. तिथं त्याच्या शेजारी सहा वर्षांची मुलं होती आणि ती त्याच्या पुढं होती.

पण आठवडा पुरा झालाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी मेहुणी अंगणात आली तर गोधड्या घडी घालून खाटेवर ठेवलेल्या, भिंत मोकळी, आणि खुंटीवरचं सहा खिशांचं जॅकेट गायब. ती तशीच काठावर गेली. मधोमध नारिंगी फडकं हलत होतं. थोड्या वेळानं तिला दिसलं की साडूनं होडी मुद्दाम कलती केली, पडला, पट्टा टाकला, ओढली, आणि पोटावर सरपटत आत चढला. हे त्यानं तीनदा केलं. मग काठ्या नळ्यांत खोचल्या आणि गळ टाकला. ती तिथंच दगडावर बसून राहिली. दुपारी तो दोन मासे घेऊन आला तेव्हा तिनं जॅकेटचे बंद नीट बांधले होते का ते ओढून पाहिलं.

खाणावळी परत मासे घेऊ लागल्या. मेहुणी टाकीवाल्याशी पहिल्यासारखी बोलू लागली, म्हणजे टोमणे मारू लागली. तिच्या हिशेबी साडूचं पडणं साडूचं; टाकीवाल्याचं पडणं अजून बाकी आहे. टाकीवाला नाही म्हणत नाही. त्याला आता अकरा हात मारता येतात, बाराव्याला तळ शोधतो. परवा तिनं पुन्हा विचारलं, भाऊजी, कधी पडताय? वारा जरा कमी होऊ दे ताई, तो म्हणाला. वारा त्या दिवशी पानही हलेल इतका नव्हता.