पट्टा उतरवलेली मशीन

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आधी खिल्ली उडवणार ती मीच... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिते.

आम्ही मळवलीचे. घर स्टेशनच्या मागे. आई पायाच्या मशीनवर शिलाईकाम करायची. बाहेर पडताना मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवायची – पोरं उगाच पायडल मारतात म्हणून. न्यूमोनियाने दम लागला त्या दिवशीही, रिक्षा दारात उभी असताना, तिने आधी पट्टा उतरवला. मी चिडलेच तिच्यावर! मशीनवर माझा ब्लाउज होता, एक बाही लावायची राहिलेली. ती सुटी बाही मीच उचलून मशीनवर ठेवली.

मग आयसीयू, व्हेंटिलेटर. पायांचे स्नायू झिजू नयेत म्हणून फिजिओथेरपीच्या मॅडम रोज दुपारी चारला पायांना पॅड चिकटवून हलका करंट द्यायच्या. पोटरी आवळली की पाऊल खाली, सुटली की वर. "करंटमुळे होतं हे, त्या स्वतः हलवत नाहीयेत हं," मॅडमनी बजावलं होतं. मला का माहीत नव्हतं? तरी त्या पावलासाठी मी दिवसभर चारची वाट बघायचे. आई पायडल मारतेय असंच वाटायचं.

नवव्या दिवशी पाऊल बघून बाहेर आले, तर शेजारच्या चंदामावशीचा फोन.

"आगं, तू घरी आलीयास व्हय?"

"नाही मावशी, दवाखान्यात आहे."

"मग मशीन कोन चालवतंय? मगाधरनं ऐकतीय. थांबून थांबून... दम खात चालल्यावानी. कुलूप तर हाय तसंच हाय!"

मावशीला भास झाला असेल म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळी घरी गेले. कुलूप मीच काढलं. पट्टा उतरलेलाच होता, आणि पट्ट्याशिवाय सुई हलत नाही. पण बाही लागलेली होती. आईचीच शिलाई – बारीक, काखेत दुहेरी.

फक्त दोरा तोडलेला नव्हता. आईने त्यासाठी कधी कात्री घेतली नाही, दाताने तोडायची... आणि तिच्या तोंडात तर नळी होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आई गेली.

चार वाजले की वर्गात शिकवतानाही कान घराकडे लागतात. मावशी म्हणते, "घाल की पोरी, तुझ्यासाठीच शिवलाय तिनं."

घालायचा तर दोरा तोडावा लागेल. तो तिने तोडायचाय.