टोपली, छत्री आणि श्रमदान

आमच्या गावच्या शेतकरी सोसायटीच्या स्मरणिका समितीवर मी वर्षभर होतो. स्मरणिका अजून निघाली नाही, किस्से मात्र गोदामातल्या रिकाम्या पोत्यांसारखे साठलेत!

गाव धारूरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात मोठ्या मालकांनी सोसायटी काढली आणि गावानं श्रमदानातून गोदाम बांधलं, हे आम्ही शाळेपासून ऐकलेलं. सुवर्णमहोत्सवासाठी तेच पहिल्या पानावर घेतलं. खत न्यायला आलेल्या गयाबाईला सेक्रेटरीनं ते कौतुकानं वाचून दाखवलं. ती मालकांच्या सालगड्याची बायको, तेव्हा दगड वाहिलेली.

"दान कुणी केलतं? मालकाचा माणूस आमाला घरून न्यायचा. मजुरी न्हाई. दगड पडून माज्या धन्याचा पाय गेला, ते लिवा!"

सेक्रेटरी गोंधळला. "पण आजी, पैसे घेतले न्हाईत ना? मग दानच झालं की!"

* * *

मीटिंगमध्ये दोन तट पडले.

"वेठीनं बांधलं असं छापलं, तर सहकार कुठं राहिला रं?"

"आन न्हाई छापलं, तर गयाबाई कुठं राहिली?"

मला दोघांचंही पटलं. शेवटी मतदान झालं. मी दोन्ही बाजूंनी हात वर केला! कुणी हटकलं नाही, कारण आणखी तिघांनी तेच केलं होतं.

* * *

चेअरमन म्हणजे मोठ्या मालकांचे नातू. त्यांनी बीडहून पेंटर आणून गोदामाच्या भिंतीवर आजोबा रंगवून घेतले, डोक्यावर दगडांची टोपली!

गयाबाई बघत राहिली. "टोपली? मालक तर छत्री घिऊन हुबे ऱ्हायचे."

चेअरमन म्हणाले, "आपण सगळ्यांचं ऐकायचं." पेंटरनं हातात छत्री काढली. टोपली पुसायला कुणी सांगितलंच नाही. तेव्हापासून आजोबा डोक्यावर दगड घेऊन वर छत्री धरून उभे आहेत.

* * *

सोहळ्याच्या दिवशी गावात पाण्याचे टँकर चालू होते, तरी मांडव भरला. चेअरमननी माईकवरून पुकारलं, "ज्यांनी श्रमदान केलं, त्यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं!"

त्यातली हयात एकटी गयाबाई. ती पहिल्या रांगेत बसलेली, जागची हलेना.

"आजी, या ना वर!"

गयाबाई बसूनच बोलली. "धाकले मालक, त्या टायमाला तुमच्या आजोबानं माणूस धाडलता. येत न्हाई म्हणलं, तर आमची सालाची ज्वारी बंद केलती. आज न्हाई आले, तर काय बंद करताव?"