वाटणीतली करवत

वारंगा फाट्यावर माझं दुकान होतं. फवारणीचे पंप आणि मोपेड मी दुरुस्त करायचो. दोन्हींच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं आणि लोक ते मिसळायचं विसरतात, म्हणून माझं घर चालायचं. लोकांना मी नेहमी सांगायचो की ऑइल टाका, विसरू नका. त्यांनी ऐकलं असतं तर मी उपाशी मेलो असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा अजून परभणी जिल्ह्यात होतो. कुरुंद्याचे एक हळदवाले शेतकरी मोटारसायकलच्या मागं पोतं बांधून आले. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं. पोत्यातून त्यांनी एक इंजिन काढून फळीवर ठेवलं. विलायती, रंग उडालेला, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. फळी वाकली इतकं जड.

“लाकडं कापायचं मशीन हाय,” ते म्हणाले.

मशीन होतं, पण त्यात लाकूड कापेल असं काहीच नव्हतं. अशा करवतीला पुढं एक लांब लोखंडी पान असतं आणि त्या पानाभोवती दातेरी साखळी फिरते. ते पानही नव्हतं आणि साखळीही. मी विचारलं तेव्हा, हरवलं म्हणाले. हातभर लांबीचं लोखंड शेतकऱ्याच्या घरात हरवत नाही, तिथं वाकडा खिळासुद्धा जपून ठेवतात. पण गिऱ्हाइकाला खोटं ठरवणं धंद्याला बरं नसतं. मी इंजिन ठेवून घेतलं.

वडिलांनी ते धरणाच्या कामावरच्या भंगाराच्या लिलावात घेतलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. हळद शिजवायला कढईखाली लाकूड फार लागतं, म्हणून घेतलेलं. कोणत्या कंपनीचं ते घासून गेलं होतं. सुटे भाग मागायचे तर नाव सांगावं लागतं, आणि इथं नावच नव्हतं. मी पिस्टनला मोपेडची रिंग बसवून पाहिली, ती थोडी घासल्यावर बसली. ठिणगी पाडणारे पॉइंट एका जुन्या स्कूटरचे लावले. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा फाटला होता, तो मी सायकलच्या ट्यूबमधून कापला. पेट्रोलनं तो संध्याकाळपर्यंत चिकट करून टाकला. मग जीपच्या पेट्रोल पंपाच्या पडद्यातून दुसरा कापला, तो टिकला. इंजिन सुरू झालं तेव्हा फाट्यावरची कुत्री पळाली आणि समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. सगळ्यांनी विचारलं की हे काय कापतं. सध्या काहीच नाही, असं मला सांगावं लागलं.

पानासाठी मी नांदेड पालथं घातलं, मग हैदराबादला गेलो. जुन्या लोखंडाच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार होता. त्यानं माझ्या हातातल्या इंजिनाची बोल्टाची जागा अंगठ्यानं चाचपली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “इसका जोड़ीदार बाजार में नक्को ढूंडो मियां. ये जिस घर से आया, उसी घर में पूछो.”

मला वाटलं, माल नाही म्हणून बोलतोय. मी रिकाम्या हातानं परत आलो आणि बायकोला सांगितलं की हैदराबादचे दुकानदार आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी त्याआधी हैदराबादला कधी गेलो नव्हतो.

पुढं काही आठवड्यांनी दुसरे एक शेतकरी आले. तेही मोटारसायकलवर, त्यांच्याही मागं पोतं. त्यातून निघालं लांब लोखंडी पान, त्याच्याभोवती गुंडाळलेली दातेरी साखळी, सगळं तेल लावून चकचकीत. म्हणाले, ह्याला एखादं इंजिन बघा, असलेलं भंगारात गेलं. मी पान उचलून फळीवरच्या इंजिनाला लावून पाहिलं. बोल्ट असे बसले जसे रोजच बसत होते. मग मी गाव विचारलं. कुरुंदा. आडनाव विचारलं, तर तेच.

धाकटा भाऊ होता. त्याच्याकडूनच सगळं कळलं. वडील गेल्यावर वाटणी झाली. जमीन, बैल, कढया, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं वाटून झालं आणि शेवटी हे मशीन राहिलं. एकानं घ्यावं आणि दुसऱ्याला काही वर द्यावं, असं पंचांनी सुचवलं. दोघांनाही ते मान्य नव्हतं. जेवणं खोळंबली होती. मग थोरल्यानं इंजिन घेतलं आणि धाकट्यानं पान. वाटणी अगदी बराबर झाली. पंच जेवून घरी गेले.

मी म्हणालो, दोन्ही इथंच आहेत, जोडून टाकू. धाकटा उठून उभा राहिला.

“त्याच्या इंजिनाला माझं पान लागनार न्हाई. तुमी दुसरं इंजिन बघा.”

थोरल्यांना निरोप पाठवला तर तेही येऊन तेच बोलून गेले, फक्त इंजिनाच्या जागी पान. पण वस्तू दोघांनीही परत नेल्या नाहीत. एक या फळीवर, एक त्या फळीवर. माझ्याकडं तपासाच्या नावाखाली दोघं अधूनमधून यायचे. कधी एकत्र नाही, पण घरातून चहा आणला की दोघंही प्यायचे. माझं घर दुकानामागं, बौद्धवाड्यात. सख्ख्या भावाच्या घरचं पाणी चालत नव्हतं आणि माझ्याकडचा चहा चालत होता. माझ्या बापाच्या काळात नेमकं उलटं होतं. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

ऐन हळद काढणीत अवकाळी वादळ आलं. दोघांच्या शेतांमधल्या बांधावरची, म्हणजे धुऱ्यावरची चिंच, निम्मी वाळलेली, पाटावर आडवी पडली. पाणी दोघांचंही अडलं. झाड सामाईक, त्यामुळं कुणीच हात लावीना. थोरले म्हणत, मी तोडलं तर तो सगळं लाकूड मी नेलं म्हणेल. धाकटाही तेच म्हणत होता. इकडं दोन्ही घरांत हळद पडून आणि जळणाला लाकूड नाही.

एका सकाळी दोन बायका दुकानात आल्या. दोघी जावा. शिरड शहापूरला पाहुण्यांकडं जातो म्हणून घरून वेगवेगळ्या निघाल्या होत्या आणि एकाच जीपमधून उतरल्या होत्या. थोरलीनं दोन्ही फळ्यांकडं पाहिलं.

“भाऊ, तुमी ते जोडा आन शुक्रवारी वावरात या. इचारलं तर काय सांगायचं ते तुमी बघा.”

“आन आमी आलोच न्हाई,” धाकटी म्हणाली.

शुक्रवारी मी करवत जोडून घेऊन गेलो. धुऱ्याच्या एका बाजूला थोरले उभे, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघांनाही आपापल्या बायकोनं सांगितलं होतं की फाट्यावरून कुणी लाकूडतोड्या येणार आहे. करवत पाहून दोघांचेही चेहरे बदलले. मुठीवरची तांब्याची तार त्यांच्या बापानं गुंडाळलेली होती. ती दहा पावलांवरून दिसत होती.

थोरल्यांनी विचारलं, “पान कुठलं?”

“हैदराबादचं,” मी म्हणालो.

मग पलीकडून धाकट्यानं विचारलं, “आन इंजिन?”

“तेबी हैदराबादचंच.”

दोघांपैकी एकानं जरी ‘खोटं बोलून राहिला’ म्हटलं असतं तर मला करवत टाकून पळावं लागलं असतं. थोरल्यांनी खाली पाहिलं. धाकट्यानं आभाळाकडं पाहिलं. मग थोरले म्हणाले, “हैदराबादचा माल चांगला असतो.” पलीकडून ते नाकारलं गेलं नाही.

चिंच दुपारपर्यंत कापून झाली. ओंडका फिरवायला एकट्या थोरल्यांच्यानं होईना तेव्हा धाकटा धुरा ओलांडून आला आणि त्यानं थोरल्यांच्या बाजूनं खांदा लावला. काम झाल्यावर परत आपल्या बाजूला गेला. लाकूड निम्मं निम्मं झालं. निघताना थोरल्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मशीन खोलून इंजिन घरी पोचवा. मग धाकट्यानंही पानाचं तेच सांगितलं.

मग ती रीतच पडली. दरवर्षी हळदीच्या आधी एक जण इंजिन आणायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी पान. मी जोडायचो, दोघांचं लाकूड कापून द्यायचो आणि पुन्हा दोन करून दोन घरी पोचवायचो. दरम्यान जिल्ह्याचीही वाटणी झाली आणि आम्ही हिंगोलीचे झालो. त्यात कुणी इंजिन आणि पान वेगळं केलं का, मला माहीत नाही.

सन दोन हजारनंतर हळद शिजवायला ट्रॅक्टरमागं वाफेचे बॉयलर फिरू लागले. लाकूड थोडंच लागे, ते कुऱ्हाडीनं भागायचं. नांदेडच्या दुकानांत नव्या हलक्या करवती आल्या, इंजिन आणि पान एकाच खोक्यात. आधी एक पोतं येईना झालं, मग दुसरंही. मला चुकल्यासारखं होई. शेवटी मी ठरवलं की ते दोन्ही भाग विकतच घ्यावेत आणि एकदाचे कायमचे जोडून दुकानात ठेवावेत.

थोरल्यांनी इंजिन लगेच काढून दिलं. “न्या. फकस्त त्याला सांगू नका.” ते मोटारसायकलला बांधून मी भिंतीपलीकडच्या घरी गेलो. धाकटा अंगणात बसला होता. मी पान मागितलं.

“न्हाई देता यायचं, मिस्तरी,” तो म्हणाला. “दादाचं इंजिन हाय तिकडं. मी पान इकलं तर त्याचं मशीन बिनकामाचं व्हईल.”

दादाचं इंजिन तेव्हा दारात माझ्या गाडीवर होतं, पोत्याखाली. मी बरं म्हणालो आणि गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, मग वळसा घालून पुन्हा थोरल्यांच्या दारात आलो. परत काहून आणलं, असं त्यांनी विचारलं. ह्याला पान मिळत न्हाई, मी म्हणालो.

त्यांनी इंजिन माझ्या हातातून घेतलं आणि बाजेखाली सरकवलं. मग वाकूनच विचारलं, पडून राहिलं तर जाम व्हईल का. मी सांगितलं, प्लग काढून चमचाभर ऑइल टाकून ठेवा. त्यांनी घरात हाक मारून चमचा मागवला.