दोन जिवांचं खाणं

बाळंतपणाच्या दवाखान्यात किस्से फार साचतात. ज्यांचं नीट होतं ते पेढे वाटून निघून जातात, आम्हाला विसरतात. ज्यांचं होत नाही, त्यांच्या गोष्टी आमच्याकडेच राहतात. कोठी भागातल्या एका जिन्यावरच्या दवाखान्यात मी आया होते. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. औषधांच्या खोक्यांवरून इंग्रजी वाचायला शिकले, आणि कुणाच्या बापाला घाबरले नाही. सगळे मला मावशी म्हणत. हे किस्से एकाच घरचे, बेगम बाजारातल्या भांडेवाल्यांचे.

* * *

सून सुलभा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिलेले. त्या काळात बाजारात रोज नवं काही येत होतं. त्यांच्या घरी केबल आली, कपडे धुवायचं मशीन आलं, फ्रीजमध्ये थंड्याच्या बाटल्या. बाईनं उठायचं कशाला?

पोरगी वजनकाट्यावर उभी राहिली, तर काटा थांबेचना! सासू सिंधूबाई मात्र खूश. "माहेरून आली तेव्हा काडी होती. हे सगळं आमच्या घरचं!"

"सून आणलीत की म्हैस पोसताय?" मी म्हटलं.

आमच्या डॉक्टरम्मांनी मला बाहेर काढलं. सुलभा तेवढी हसली. ती सगळ्याला हसायची.

दाराआडून ऐकलं ते असं : "बीपी जास्त आहे. हार्टवर लोड येतोय. मीठ बंद, गोड बंद. नाहीतर हिच्या जिवाला धोका आहे."

* * *

उपाशीपोटी साखर तपासायची होती. चढलेली निघाली. पुन्हा तपासली, पुन्हा चढलेली. "काही खाल्लंस का?" तर "देवाशप्पथ नाही!" डॉक्टरम्मा परेशान.

मी सिंधूबाईंना जिन्यातच गाठलं. "खरं सांगा, काय दिलंत तिला?"

"पाणीसुद्धा नाही! निघताना हातावर दहीसाखर ठेवली, तेवढीच."

"अहो बाई, साखर!"

"ते काय खाणं आहे? चांगल्या कामाला निघालेल्या पोरीला तशीच पाठवू?"

अख्खा दवाखाना हसून लोळला. पुढच्या खेपेला मी स्वतः गेले, सुलभाला कोरड्या तोंडानं रिक्षात घालून आणलं.

साखर तेवढीच निघाली. मग कुणी हसलं नाही.

* * *

रोज चालायला सांगितलं होतं. सिंधूबाईंनी उडवून लावलं, "पोटुशी बाई रस्त्यानं भटकते का?"

काही दिवसांनी सुलभाचा नवरा प्रकाश एकटाच आला. घामाघूम, पँट कमरेवरून घसरतेय.

"हौ मावशी, रोज नामपल्लीपर्यंत चालत जाऊन येतो."

"तू कशाला रे?"

"आई तिला सोडत नाही ना! म्हटलं, तिच्या वाटचं मी चालतो. देवाला कळतं."

इतका चांगला नवरा मी पाहिला नाही. इतका निरुपयोगीही नाही!

* * *

पाय सुजले, चप्पल होईना. सिंधूबाईंनी मोठ्या मापाची आणली. आडवं झालं की सुलभाला दम लागे, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपे. हार्टच्या डॉक्टरांनीही बजावलं, मीठ अजिबात नक्को.

आणि मला डोहाळजेवणाचं बोलावणं! गेले. हिरवी साडी, फुलांचे दागिने. ताटात लोणचं, पापड, पुऱ्या, मिरचीचं सालन. बायका रांगेनं घास भरवतायत. मी मध्येच उभी राहिले.

"ताट उचला ते. मारताय तिला!"

सिंधूबाई लाल झाल्या. "अपशकुनी बाई! दुष्काळात मी उपाशी होते, माझी दोन पोटातच गेली. माझी सून उपाशी राहणार नाही!"

यावर मी काहीतरी बोलणारच होते. पण सुलभानं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "खाऊ द्या ना मावशी. इतकी वर्षं ह्यांच्यातल्या कुणी मला ओटी भरायलासुद्धा बोलावलं नाही."

* * *

पोट कापून बाळंतपण झालं. मुलगी चांगली गुटगुटीत. तिची साखर उतरली म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, पण तरली. दोन दिवसांनी पहाटे सुलभाला श्वास घेता येईना. प्रकाश दवाखान्यातच निजला होता. त्यानं तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

सकाळी फोन वाजला. "मावशी, गेली ती. आई डबा घेऊन तुमच्याकडे निघाली असेल. तिला हलवलंय हेही आईला माहीत नाही. माझ्यानं होत नाही. तुम्ही सांगा."

मी फोन ठेवतेय तोवर सिंधूबाई जिना चढून दारात. धापा टाकत, हातात डबा. मी तोंड उघडलं, पण त्याच बोलत सुटल्या.

"जिंकलात तुम्ही मावशी! काल तिची धाप पाहिली मी. आता तुम्ही म्हणाल तसं. मुगाची खिचडी केलीय. तूप नाही, मिठाचा कण नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही. घ्या, चाखून बघा!"

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, चमचा पुढं केला. मी खिचडी तोंडात घातली.

"आहे का मीठ? सांगा ना!"

"नाही," मी म्हटलं. "अळणी आहे."