मार्तिनेल्लोने न दिलेली साक्ष

आमच्या बोलोन्यात कायदा शिकायला पाठशाळेत जावं लागत नाही. मासे विकणारी बाईसुद्धा वजनावरून भांडण झालं की "मी वरच्या कोर्टात जाईन" म्हणून दम देते. आल्प्सपलीकडून पोरं येतात, चर्चचा कायदा घोकतात, दारू पितात, पुन्हा घोकतात, आणि त्यांचं घोकणं भिंतींतून झिरपत झिरपत आमच्या स्वयंपाकघरांपर्यंत येतं. पण अर्धवट येतं. मार्तिनेल्लो चोपदाराचं सगळं नुकसान त्या अर्धवटपणाने केलं.

मार्तिनेल्लो हा आचार्य लाम्बेर्तिनोंच्या पाठशाळेचा चोपदार. आचार्यांपुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालायचं, त्यांचा जाडजूड ग्रंथ काखेत मारून आणायचा, उद्या कुठला पाठ आहे ते वर्गावर्गांत ओरडून सांगायचं, थंडीत जमिनीवर गवत पसरायचं आणि उन्हाळ्यात ते उचलायचं, ही त्याची कामं. पाठ चालू असताना तो दाराशी उभा असे. पंचवीस वर्षं दाराशी उभा राहून त्याला निम्मा कायदा तोंडपाठ झाला होता, आणि त्याचा तोरा असा की पाहणाऱ्याला वाटावं, निम्मा यानेच लिहिला आहे. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि आपण भित्रे आहोत हे त्याने कधी कबूल केलं नाही. भीतीला तो अक्कल म्हणायचा.

पाठशाळेच्या खाली रिकेल्दिनाची भट्टी होती. रिकेल्दिना विधवा, जिभेने तिखट, आणि तिचा पाव पूर्ण मोहल्ल्यात नावाजलेला. वर्गातलं जुनं गवत ती भट्टी पेटवायला न्यायची. त्या बदल्यात मार्तिनेल्लोला सकाळी एक गरम पाव मिळे आणि चार टोमणे.

सप्टेंबरच्या सुट्टीत पाठशाळा ओस पडली होती तेव्हाची गोष्ट. मार्तिनेल्लो गवत गोळा करत होता. इतक्यात बेरेंगार आला. हा प्रोव्हान्सचा विद्यार्थी, आचार्यांचा लाडका, येत्या वर्षी स्वतः आचार्यपदाच्या परीक्षेला बसणारा. त्याच्याबरोबर त्याच्याच गावचा मित्र गुई होता, आणि मागे, डोक्यावरचा रुमाल सावरत, पुस्तकं बांधणाऱ्याची मुलगी मिसिना.

"मार्तिनेल्लो, जरा काठी घेऊन उभा राहा," बेरेंगार हसत म्हणाला. "आज पाठ नाही, लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझं. साक्षीला दोघं लागतात. एक गुई, दुसरा तू."

"आणि पाद्री?"

"दाराशी उभा राहून इतकी वर्षं काय ऐकलंस मग?" बेरेंगार म्हणाला. "पाद्री नसला तर पाप लागतं, पण लग्न होतं. दोघांनी एकमेकांना हो म्हटलं की संपलं."

हे मार्तिनेल्लोने खरंच ऐकलं होतं. बेरेंगारने मिसिनाचा हात धरला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला की आजपासून ही माझी बायको. मिसिनानेही तसंच म्हटलं. तिचा आवाज कापत होता, पण तिने शब्द गिळला नाही. पितळेची एक अंगठी होती. गुईने टाळ्या वाजवल्या. मार्तिनेल्लोच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं आणि ही पोर त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती.

नाताळच्या आत गुई तापाने गेला. आणि त्याच सुमारास प्रोव्हान्सहून बेरेंगारला निरोप आला, की तिकडच्या मोठ्या चर्चमधली मानाची जागा रिकामी झाली आहे. ती जागा बायको असलेल्या माणसाला मिळत नाही. बेरेंगारने मिसिनाच्या गल्लीत जाणं बंद केलं. ती पाठशाळेच्या दाराशी आली तर तो मागच्या जिन्याने उतरायचा. मिसिनाला तेव्हा पाचवा महिना होता.

तिच्या बापाने बिशपच्या कोर्टात दावा लावला. मिसिनाने साक्षीदार सांगितले: एक गुई, तो मेला, आणि दुसरे मार्तिनेल्लोकाका.

कोर्टाचं बोलावणं आलं त्या दिवशी आचार्य लाम्बेर्तिनोंनी मार्तिनेल्लोला बाजूला घेतलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मार्तिनेल्लो, तू शहाणा माणूस आहेस," ते म्हणाले. "एका साक्षीदारावर न्यायाधीश निकाल देऊ शकत नाही. दोन हवेत. हे तुला मी सांगायला नको."

"नको, आचार्य."

"म्हणजे तू काहीही बोललास तरी ती मुलगी हरणारच. फक्त बेरेंगारची बदनामी होईल, माझी होईल, या पाठशाळेची होईल. आणि मला दुसरा चोपदार शोधावा लागेल. बघ बाबा."

मार्तिनेल्लोने बघितलं. रात्रभर बघितलं. ती हरणारच, हे त्याने इतक्या वेळा मनाशी म्हटलं, की सकाळपर्यंत ते त्याला स्वतःचंच मत वाटू लागलं. मग कोर्टात पवित्र ग्रंथावर हात ठेवून त्याने सांगितलं, की मी त्या दिवशी गवत उचलत होतो, ही मंडळी आली होती खरी, पण काय बोलली ते मला ठाऊक नाही, लग्नबिग्न काही मी पाहिलं नाही. मिसिना समोर उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "काका?" आणि कारकुनाने तिला गप्प केलं.

त्यानंतर बिशपच्या हुकुमाने ओळीने तीन रविवार आमच्या चर्चमध्ये वेदीवरून जाहीर झालं, की या प्रकरणात कोणाला काही ठाऊक असेल त्याने पुढे यावं, आणि जो जाणूनबुजून गप्प बसेल त्याला धर्माबाहेर समजलं जाईल. पाद्रीबुवा हे वाचून मेणबत्ती उलटी करून विझवत. मार्तिनेल्लो खांबाच्या आड उभा राहायचा. मेणबत्ती विझली की तो घरी जायचा आणि जेवायचा. जेवण जात होतं, याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

कोणी पुढे आलं नाही. मिसिना हरली. वसंतात बेरेंगार आचार्य झाला. नवा आचार्य झाला की त्याने चोपदाराला झग्याचं कापड द्यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. बेरेंगारने उंची लाल कापड दिलं. मार्तिनेल्लोने ते नाकारलं नाही. नाकारलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं ना! झगा शिवून त्याने तो सणासुदीला अंगावर घातला, आणि पुस्तकं बांधणाऱ्यांची गल्ली टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागला.

वीस वर्षं गेली. दर ईस्टरला तो पाद्रीबुवांपुढे गुडघे टेकून पापं सांगे: उपासाला चरबी खाल्ली, शेजाऱ्याला शिव्या दिल्या. मोठं पाप दातांमागे ठेवी, कारण पाद्रीबुवा काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं. आधी जा आणि खरं सांग, मग क्षमेचं बघू. आणि अशा लपवाछपवीवर मिळालेली क्षमा खोटी असते, हेही त्याने दाराशी उभं राहूनच ऐकलं होतं. म्हणजे दर ईस्टरला पापात भर. रात्री मध्येच जाग आली की तो स्वतःशी तेच जुनं पुटपुटायचा, की मी एकटा होतो, एकट्याने काय होणार होतं. तेवढ्या एका टेकूवर त्याचं म्हातारपण उभं होतं.

तो टेकू रिकेल्दिनाने काढला, आणि तेही पावाचं पीठ मळता मळता.

आचार्य लाम्बेर्तिनो वारले होते, काठी दुसऱ्याकडे गेली होती, आणि मार्तिनेल्लो थंडीचा भट्टीशी बसून असायचा. वर नव्या आचार्यांचा लग्नाच्या कायद्यावर पाठ चालू होता. आवाज खाली येत होता.

"शिकवा, शिकवा," रिकेल्दिना छताकडे बघत म्हणाली. "वरच्या त्याच खोलीत एका पोरीचं लग्न बुडवलंत तुम्ही. नाही का हो, चोपदार?"

"लग्न झालंच नव्हतं ते," मार्तिनेल्लो सवयीने म्हणाला.

"माझ्यापुढे नका सांगू. मी गवत न्यायला वर आले होते तेव्हा. मागच्या दारातून सगळं पाहिलं. अंगठी पाहिली, तुमचे भरलेले डोळे पाहिले. मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडा म्हणून पाऊल न वाजवता खाली आले."

मार्तिनेल्लो उभाच राहिला. "तू पाहिलंस? मग बाई, बोलली का नाहीस?"

"मी?" रिकेल्दिनाने पिठाचा गोळा फळीवर आपटला. "तुम्ही पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगितलंत की काही घडलंच नाही! मग उरले कोण? मी एकटी. एकटीच्या बोलण्यावर निकाल होत नाही, हे मला कोणी शिकवलं? इथेच बसून, पाव चावत, तुम्हीच रोज सांगायचात. त्यातून मी भट्टीवाली, विधवा. आणि वर पाठशाळेचा चोपदार छातीठोकपणे नाही म्हणतोय. माझं कोण ऐकणार होतं, सांगा ना!"

"आपण दोघं होतो," मार्तिनेल्लो म्हणाला.

"होतो की."

"रिकेल्दिना, आपण दोघं होतो गं."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रिकेल्दिनाने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. पिठाचे हात तिने तसेच मांडीवर ठेवले, आणि तिचेही डोळे वाहत होते.

पण अर्धवट कायदा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दुसऱ्याच दिवशी मार्तिनेल्लोला आठवलं, की इतर निकाल एकदा लागले की लागले, पण लग्नाचा निकाल कधीच कायमचा नसतो. कोर्ट चुकलं असं कळलं तर कितीही वर्षांनी प्रकरण पुन्हा उघडता येतं. त्याने रिकेल्दिनाला उठवलं. "चल. दोघं आहोत. अजून होऊ शकतं."

मिसिना आता शहराच्या उत्तर वेशीजवळ राहत होती. निकालानंतर तीन वर्षांनी एका दोरखंडवाल्याने तिच्याशी लग्न केलं होतं. चर्चच्या दारात, पाद्रीबुवांसमोर, चारचौघांत. त्याच्यापासून तिला तीन मुलं होती, आणि शिवाय बेरेंगारचा एक, थोरला. अंगणात तागाच्या पेंढ्या वाळत होत्या. मिसिना शेंगा सोलत होती. तिने दोघांना ओळखलं, बसायला सांगितलं नाही.

मार्तिनेल्लोने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आचार्य, कोर्ट, आपली भीती, रिकेल्दिना, मागचं दार. शेवटी म्हणाला, "मिसिना, आम्ही दोघं साक्ष द्यायला तयार आहोत. मला खोट्या शपथेची शिक्षा होईल, होऊ दे. तू त्याची खरी बायको होतीस, हे कोर्ट लिहून देईल. तुझ्या थोरल्याला बापाचं नाव मिळेल."

मिसिना शेंगा सोलतच राहिली. मग म्हणाली, "थोरल्याला पाद्री व्हायचं होतं, ठाऊक आहे? दोनदा जाऊन आला. बापाचं नाव नाही म्हणून परत पाठवला. आता सावत्र बापाबरोबर दोर वळतो."

"म्हणूनच तर सांगतोय, पोरी."

"आणि त्याची बायको मी ठरले, तर या घरात माझं काय काम? कोर्ट काय म्हणेल ते मलाही कळतं, काका. मीही बोलोन्याचीच आहे. पहिलं लग्न खरं तर दुसरं खोटं. मला या घरातून उठवतील. एकाला बाप मिळेल आणि तिघांची आई जाईल. आणि हा माणूस," तिने आत ठोकाठोक चालली होती तिकडे मान वळवली, "याने मला सगळं माहीत असून घरात घेतलं. तो कोर्टावर विश्वास ठेवून निजतो. मी मात्र कोणाची बायको आहे ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ते ओझं मी एकटी वाहते आहे. आता त्यात तुमचं कशाला घालता?"

"मला क्षमा कर," मार्तिनेल्लो म्हणाला.

"क्षमा मागायला आलात की साक्ष द्यायला? तुम्हाला हलकं व्हायचंय, म्हणून आलात. तेव्हा स्वतःसाठी गप्प बसलात. आता माझ्यासाठी बसा. मरेपर्यंत. पाद्रीबुवांपुढेसुद्धा."

"त्यांच्यापुढे तरी सांगू दे गं. नाहीतर मी असाच मरेन."

"हो," मिसिना म्हणाली. "असेच मराल."

रिकेल्दिनाने त्याच्या बाहीला धरून ओढलं. फाटकाशी खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला एक उंच तरुण आत येत होता. बेरेंगारचं नाक, बेरेंगारचं कपाळ. म्हाताऱ्याचा पाय पायरीवर अडखळलेला पाहून त्याने दोर खाली टाकला आणि त्याला आधार दिला.

"कोण गं आई हे?"

"पाठशाळेचे जुने चोपदार," मिसिना दारातून म्हणाली. "चौकशीला आले होते. निघालेत."

तरुणाने त्याचा दंड सोडला नाही. रस्त्यापर्यंत नेलं, मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने खाली वाकला. "काका, पाठशाळेचे म्हणजे तुम्ही सगळ्यांना ओळखत असाल. बेरेंगार म्हणून एक जण होता, प्रोव्हान्सचा. लोक काहीबाही बोलतात. माझी आई खोटं बोलली असं म्हणतात. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मार्तिनेल्लोने मागे वळून पाहिलं. मिसिना दारातच उभी होती.

"नाही रे बाळा," तो म्हणाला. "मला काही ठाऊक नाही."

पोराने मान हलवली, आभार मानले, आणि रस्ता निसरडा आहे, जपून जा म्हणाला.