आतोबांच्या टेबलावरची घंटा

माझी आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज मोडीत निघालं तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या आणि पंखे नेले. हिने विजेची एक घंटा आणली आणि साठीला टेकल्यावर जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला घेतली. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "बोटं नुसती बसत नाहीत गं." हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कारण शेजारच्या खोलीत बसलेलं असायचं.

ते म्हणजे आतोबा. अकॉर्डियन, क्लॅरिनेट, गिटार, जे बिघडेल ते दुरुस्त करणारे. नजर गेली तरी त्यांचं काम थांबलं नाही, कारण ते आधीपासूनच बोटांनी आणि कानांनी चालायचं. गिऱ्हाइकं लांबलांबची. वाद्य पार्सलने पाठवायची आणि पैसे बहुतेक बिटकॉइनमध्ये द्यायची. त्यासाठी आत्याने चपलांच्या कपाटावर एक छोटा डबा बसवला होता. त्याला नोड म्हणतात. तो जगभरच्या अशाच डब्यांशी जोडलेला असतो, पैसे घेतो, पुढे पोचवतो. "हे तर आमचं एक्स्चेंजच," आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली. मला हे कळायला तीन महिने लागले होते, आणि मी याच कामाचा पगार घेते.

अडचण एकच होती. पैसे आल्याचं स्क्रीनवर दिसायचं, आणि आतोबांना स्क्रीन दिसत नव्हता. मग दिवसातून दहा वेळा हाक यायची, "आले का गं?" आत्या हातातलं काम टाकून यायची आणि बघून सांगायची. तिला त्याचा त्रास नव्हता, त्यांना होता. एका सकाळी ते म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी धंदा होत नाही. बंद करतोय. सोमवारी हत्यारं न्यायला माणूस येतोय." आतोबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आत्याने वाद घातला नाही. तिने घंटा काढली, पुसली, आतोबांच्या टेबलावर ठेवली आणि मला फोन केला. "प्लगिन लिहायचंय. पैसे आले की घंटा वाजली पाहिजे. आज गुरुवार आहे, लगेच ये."

प्लगिन म्हणजे नोडच्या हाताखालचा छोटा प्रोग्रॅम. पैसे आले की नोड त्याला कळवतो, मग तो आपलं नेमून दिलेलं काम करतो. आत्याने साठ ओळी स्वतः लिहिल्या. मी शेजारी बसून शहाणपण शिकवत होते. शुक्रवारी आम्ही त्याला पैसे आल्याचा खोटाच निरोप दिला आणि घंटा अशी खणखणली की आम्ही दोघी चक्क नाचलो. मग प्लगिन नोडला जोडलं. नोडने ते तिथल्या तिथे हाकलून दिलं.

पुन्हा जोडलं, पुन्हा हाकललं. शनिवार त्यातच गेला. मी तारा बदलल्या, नोड नव्याने चालू केला, ऑफिसातल्या दोघांचं डोकं खाल्लं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला बघूनच म्हणत असावेत.

रविवारी सकाळी आत्या कंटाळून आतोबांसमोर जाऊन बसली. "अहो, ऐका जरा," म्हणाली आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. त्यांचे हात क्लॅरिनेटवरच होते.

"थांब. हा पहिल्या ओळीतला नमस्कार कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सुरू झाला की आधी स्क्रीनवर नमस्कार छापतो. माझ्या सगळ्याच प्रोग्रॅमांत असतो तो."

"पण तिथे ऐकायला कोण बसलंय?"

आत्याने ती ओळ पुन्हा वाचली. एकतीस वर्षं तिने दिवसाला शेकडो नमस्कार घातले होते; हात तिथे आपोआप जायचा. "अगं, ही ट्रंक लाइन आहे," ती मला म्हणाली. "नमस्कार गिऱ्हाइकाला करायचा. दोन एक्स्चेंजच्या मधे फक्त कामाचं बोलायचं. कुणी जास्तीचं बोललं तर मी स्वतः लाइन तोडलीय."

अगदी तेच झालं होतं. प्लगिन जे छापतं ते थेट नोडच्या कानात जातं, आणि नोडला त्याच्या ठरलेल्या भाषेखेरीज काही कळत नाही. चाचणीत तोच नमस्कार आमच्या स्क्रीनवर छान उमटत होता, आणि मी तो कौतुकाने बघत होते. मला लाज वाटली, पण आनंद इतका झाला की लाज फार टिकली नाही. आत्याने ओळ खोडली, प्लगिन जोडलं, आणि या वेळी नोडने ते ठेवून घेतलं.

"मी माझ्या फोनवरून थोडे पैसे पाठवून बघते," मी म्हटलं.

"घरच्यांनी वाजवलेली घंटा मोजायची नाही," आतोबा म्हणाले. "क्लॅरिनेट पाठवणाऱ्या बाईंना काम झाल्याचं कळवलंय; पैसे पाठवतील. बघू."

सोमवारी दहाला माणूस आला आणि हत्यारं एकेक करून पेटीत भरायला लागला. आत्याने मला आतल्या खोलीत ओढलं. "वाजली तरी बाहेर जायचं नाही. आपण धावलो तर काय उपयोग?" तिने माझा दंड असा धरला होता की पुढे चार दिवस वळ राहिले. दाराच्या फटीतून दिसत होतं: पकडी गेल्या, कानस गेली, छोटी करवत गेली.

आणि घंटा वाजली.

बाहेर खुर्ची सरकली. मग आतोबांचा आवाज आला, "ती कात्री द्या इकडे. पार्सल बांधायचंय."

"आणि बाकीची हत्यारं?" माणसाने विचारलं.

"तीही काढून ठेवा."

मग त्यांनी आत ऐकू येईल अशी हाक मारली, "आले गं."